काचेचं दार, साडेतीस अंश

माझ्या धंद्याला मराठीत सुटसुटीत नाव नाही. पोस्टात होतो, शाळेत होतो, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. "घरात ऊन किती शिरेल, वारा किती खेळेल आणि मग खोली किती तापेल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून द्यायचो," असं मी म्हटलं की समोरचा माणूस एकदा माझ्याकडे बघतो आणि एकदा माझ्या बायकोकडे. लग्नाच्या बैठकीत सासरेबुवांनी बराच वेळ सुपारी चघळून विचारलं होतं, "पण पावसाळ्यात काम असतं ना?" संपादकांनी या कामातल्या गमती लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा चार-दोन गमती आठवल्याही. पण लिहायला बसलो की दर वेळी पेन एकाच दाराशी येऊन थांबतं. तेव्हा गमती थोडक्यात उरकतो आणि त्या दाराकडे जातो.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. मुंबईतली नोकरी सोडून मी रत्नागिरीत परत आलो होतो आणि माळनाक्याजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होतो. तिथे नवा कॉम्प्युटर आला होता. हिरवी अक्षरं, दोन फ्लॉप्या, आणि धूळ बसू नये म्हणून साहेबांच्या बायकोनं शिवून दिलेला फुलाफुलांचा अभ्रा. मुंबईतल्या माझ्या जुन्या सरांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम मला फ्लॉपीवर दिला होता. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, कुठल्या दिशेला काय, हे सगळं त्याला भरवलं की दिवसाच्या चोवीस तासांत खोली किती तापेल ते तो तासातासानं सांगे. एका दिवसाचं गणित करायला त्याला पाऊण तास लागे. चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या प्रोग्रॅमची एक खोड होती. भिंतीला पाडायच्या भोकांचे त्याला दोनच प्रकार माहीत होते, खिडकी आणि दार. खिडकीतून ऊन आत येई, पण ती उघडत नसे, कारण सरांच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या वातानुकूलित कचेऱ्या होत्या. दार उघडे आणि त्यातून वाराही येई, पण ऊन येत नसे, कारण दार म्हणजे लाकडाचं, असं सरांनी धरून ठेवलं होतं. काचेचं दार या दोन्हींत बसेना. खिडकी म्हणून लिहावं तर वारा बंद, दार म्हणून लिहावं तर ऊन गायब. पुढे आमच्या गणू सुतारानं हाच प्रश्न मला वेगळ्या तऱ्हेनं विचारला. "सायब, काचंचा दार म्हंजे खिडकी का दरवाजा, ता आदी ठरवा. मंग मी चौकट करतो."

यावर मी एक युक्ती काढली. तेच दार दोनदा लिहायचं. एकदा खिडकी म्हणून, उन्हासाठी. आणि त्याच जागी, त्याच मापाचं, नुसतं भोक म्हणून, वाऱ्यासाठी. सरांना पत्रानं कळवलं, तेव्हा त्यांचं उलट टपाली कार्ड आलं, "हे मला सुचायला हवं होतं." ते कार्ड मी बरीच वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

वाऱ्याच्या भोकाला चोवीस घरांची एक ओळ भरावी लागे. प्रत्येक तासाला एक घर. दार उघडं असेल तर एक, बंद असेल तर शून्य. हे काम कारकुनी वाटतं, पण सगळी गोम तिथेच असते. गावातल्या एका पेढीला काचेचं दार आणि एअर कंडिशनर बसवायचा होता. मी दाराच्या ओळीत सगळी शून्यं भरली, कारण थंड हवेचं दार आपोआप मिटणारं होतं. पण दाराशी बसणाऱ्या शिपायाला सारखं उठायचा कंटाळा. त्यानं दाराला जांभ्या दगडाचा एक चिरा टेकवून दिला आणि दार दिवसभर सताड उघडं. मॅनेजर माझ्यावर उखडला. दुसरा एक लॉजवाला होता. त्याच्या स्वच्छ काचेवर गिऱ्हाइकं डोकं आपटायला लागली, तेव्हा त्यानं दोन्ही झडपांवर आतून-बाहेरून सिनेमाची पोस्टरं डकवली आणि मला येऊन विचारलं, "आता ऊन कमी येईल ना, मग गणित बदलून द्या." तेव्हापासून मी नियम केला होता. कागदावर बोट ठेवण्याआधी विचारायचं, हे दार कोण उघडतं, कोण लावतं आणि कधी. हा नियम मी कसोशीनं पाळला. एक जागा सोडून.

ती जागा म्हणजे आरे गावाच्या वरच्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, अप्पांचं घर. अप्पा माझ्या वडिलांचे स्नेही. बंदरावरच्या कचेरीत तीस वर्षं कारकून होते. कुठला मचवा कधी आला, काय घेऊन आला, कधी गेला, याची नोंद ठेवायची हे त्यांचं काम. त्यांच्या वहीत खाडाखोड नसे, आणि मचव्यावरच्या एखाद्या तांडेलानं कितीही गोड बोलून वेळ मागेपुढे लिहायला सांगितली तरी ते लिहीत नसत. निवृत्त झाल्यावर सड्यावर समुद्राकडे तोंड करून जांभ्याच्या चिऱ्यांचं घर बांधलं. आणि दोनच वर्षांत अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. उजवा हात आणि जीभ शाबूत राहिली.

मुलगा वसंत मुंबईत नोकरीला. त्यानं वडिलांची खाट माजघरात टाकली. माजघर म्हणजे घराच्या मधली खोली, थंडगार, पण अंधारी. अप्पांना समोर दिसायची ती भिंत आणि भिंतीवरचं कॅलेंडर. अप्पांनी मला बोलावून घेतलं.

"मला ओटीवर खोली करून दे," ते म्हणाले. "समुद्राकडे काचेचं दार. खिडकी नको, खिडकी खाटेवरून दिसत नाही. पायापर्यंत काच पाहिजे. मला मचवे दिसले पाहिजेत. तीस वर्षं त्यांच्याकडे बघून पगार घेतलाय मी."

वसंत तेव्हा सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "बाबा, पश्चिमेला काच म्हणजे भट्टी होईल. डॉक्टरांनी काय सांगितलंय? उष्णता सोसायची नाही."

बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं, की मी कॉम्प्युटरवर काढून द्यायचं. वैशाखातल्या संध्याकाळी खोली बत्तिसाच्या वर जात नसेल, तर काचेचं दार करायचं. जात असेल, तर अप्पांनी माजघरातच राहायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. माझ्याकडे बघून अप्पा म्हणाले, "नीट कर रे बाबा." त्या चार शब्दांचं ओझं मला ऑफिसात पोचेपर्यंत जाणवत होतं.

गणित मी खरोखर नीट केलं. काचेचं दार दोनदा लिहिलं. जांभा दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सोडतो, तेही घेतलं. पहिल्यांदा सगळं बंद धरून चालवून पाहिलं, तर दिवेलागणीला खोली चौतीस अंशांवर. मग पुढचं काचेचं दार आणि त्याच रेषेत घरापलीकडचं मागचं दार, दोन्ही उघडी धरली. हे साधं आहे. समुद्राचा वारा पुढच्या दारानं आत येतो, ओटीतून, माजघरातून मागच्या दारानं निघून जातो आणि जाताना चिऱ्यांची धग घेऊन जातो. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ती आतही येत नाही. दोन्ही दारं उघडी धरल्यावर संध्याकाळी सातचा आकडा आला साडेतीस. मागच्या दाराच्या ओळीत मी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत सलग एक भरले होते. कोकणातलं घर, दिवसा दार कोण लावतं? विचारायची गरजच वाटली नाही. अशाच घरात मी लहानाचा मोठा झालो होतो.

वसंत म्हणाला, "लेखी दे." मी आलेखाच्या कागदावर सही करून दिली.

फाल्गुनात खोली तयार झाली. गणूनं सागवानासारखी दिसणारी पण फणसाची, सुरेख चौकट केली. दोन झडपांचं दार, वरपासून खालपर्यंत काच. ज्या दिवशी अप्पांची खाट तिथे नेली, त्या दिवशी ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काच आहे का नाही तेच कळत नाही." दक्षिणेची खिडकी गोठ्याकडे होती, ती बंदच असे. वर पंखा होता, पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की त्याची पाती मोजता यायची. मला त्याची फिकीर नव्हती. माझी भिस्त वाऱ्यावर होती.

मी खाटेजवळच्या खुंटीला थर्मामीटर टांगला आणि एक वही दिली. दुपारी तीनला आणि दिवेलागणीला, दिवसातून दोनदा आकडा लिहायचा. काकूंना, म्हणजे अप्पांच्या पत्नींना, ती बारीक रेघ दिसत नसे, म्हणून हे काम अप्पांनी घेतलं. वसंतची अट कायम होती. चार दिवस सलग बत्तिसाच्या वर गेला, तर खाट माजघरात.

पुढचे दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे. मी दर पंधरवड्याला दुपारच्या एस.टी.नं जायचो, वही बघायचो आणि आकडे उतरवून घ्यायचो. दुपारचा आकडा मी स्वतः थर्मामीटरवर पडताळायचो, तो बरोबर असे. संध्याकाळचे आकडे माझ्या आलेखाला इतके चिकटून जात की मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. तीस, साडेतीस, साडेतीस, एकतीस. मी सरांना लांबलचक पत्र लिहिलं. सरांनी कळवलं, की इतका जुळणारा आकडा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या या वाक्यात कौतुकाबरोबर शंकाही असू शकेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. खरं मोजमाप कधीच इतकं जुळत नाही. खऱ्या आकड्यात एखादा दिवस ढगाळ असतो, एखाद्या दिवशी वारा रुसतो. हे मला माहीत होतं, आणि तरी मला ते दिसलं नाही, कारण मला दिसायला नको होतं.

वैशाखात एकदा एस.टी. बिघडली आणि मी दिवेलागणीच्या जरासा आधी पोचलो. अप्पा खूश झाले. हंगाम संपत आला होता. मृगाच्या आधी सगळे मचवे बंदराला येऊन लागतात आणि पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेले असतात. अप्पा परतणारे मचवे मोजत होते. "सव्वीस झाले," ते म्हणाले. "अजून नऊ यायचेत. सगळे लागलेले बघायचे आणि मग डोळे मिटले तरी चालतील." काचेच्या दाराची एक झडप उघडी होती आणि पडदा वाऱ्यानं फुगला होता. खोलीत खरोखर बरं वाटत होतं. मी मनातल्या मनात साडेतीस म्हटलं.

तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला. काकू मागचं दार लावून, हातात निरांजन घेऊन माजघरातून बाहेर आल्या. काचेच्या दाराच्या दोन्ही झडपा त्यांनी सताड उघडल्या, तुळशीपाशी दिवा ठेवला, हात जोडले. "कधी आलास? चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

पडदा हळूहळू खाली बसला आणि दाराला लागून लोंबत राहिला.

दिवेलागणीला पुढचं दार उघडायचं, लक्ष्मी येते. मागचं लावायचं, म्हणजे ती निघून जात नाही. माझी आई रोज हेच करायची. "मागलं दार लाव रे" ही हाक ऐकली की मी खेळ टाकून उठायचो. सबंध बालपण ते दार मी माझ्या हातानं लावलं होतं. आणि मागच्या दाराच्या ओळीत सातच्या घरात मी एक भरला होता.

दहा-पंधरा मिनिटांत जांभ्याच्या भिंतीतून धग यायला लागली. माझ्या पाठीवरून घाम ओघळला. अप्पांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, पण पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मी उठून थर्मामीटर बघितला. चौतीस. हा आकडा मी ओळखत होतो. सगळं बंद धरल्यावर आला होता तोच.

"अप्पा," मी म्हटलं.

"वही घे," ते म्हणाले. "माझा हात घामेजलाय, आज तूच लिही. साडेतीस."

मी पुन्हा थर्मामीटर बघितला.

"लिही. साडेतीस."

"अप्पा, इथे चौतीस आहे. रोज असंच होतं?"

"तुझ्या कागदावर साडेतीस आहे. तुझी सही आहे त्यावर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही. पण तो वसंत मला परत त्या अंधारात नेऊन टाकेल. अजून नऊ मचवे यायचेत रे. कुणाला सांगू नकोस. तिलाही नको. शपथ आहे."

मी साडेतीस लिहिलं. माझ्याच अक्षरात.

का लिहिलं, याची कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवेना. शपथ घातली होती. ही सगळी खरी आहेत. पण सरांना पाठवलेलं पत्र आणि माझी सही हीही त्यांत होती, आणि ती काही मागच्या बाकावर बसलेली नव्हती. माझं गणित चुकलं हे वसंतला, सरांना, साहेबांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. परतीच्या वाटेवर एक गोष्ट मात्र लख्ख दिसत होती. वहीचा विषय न काढताही काकूंना एवढंच सांगता आलं असतं, की काकू, दिवेलागणीला मागचं दार दोन तास उघडं ठेवा. मी ते सांगितलं नाही. घरात आजारी माणूस, आणि त्या घरच्या बाईला लक्ष्मीला वाट मोकळी करून द्या म्हणायचं? ऐकणार नाहीत, वर मन दुखावेल, असं मी त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं.

आठवड्याच्या आत अप्पांना संध्याकाळी चक्कर आली. शुद्ध गेली. वसंत धावत आला. त्यानं वही बघितली, मग स्वतः थर्मामीटर बघितला, आणि मला न कळवता खाट माजघरात हलवली. मी भेटायला गेलो तेव्हा अप्पा कॅलेंडरकडे तोंड करून पडले होते. "किती लागले?" त्यांनी विचारलं. मी बंदरावर जाऊन मोजून आलो होतो. "तेहेतीस," म्हटलं. त्यांनी मान हलवली. विश्वास बसल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी. पावसाला तोंड फुटलं आणि तीन आठवड्यांनी ते गेले. डॉक्टर म्हणाले, उष्णतेचा तसा संबंध नाही, दुसरा झटका येणारच होता. डॉक्टरांचं मी मानतो. पण शेवटचे ते महिनाभराचे दिवस त्यांनी भिंतीकडे बघत काढले, ते मी दिलेले होते.

पुढच्या वैशाखात वर्षश्राद्धाच्या आधी मी काकूंना भेटायला गेलो. वसंत यायचा होता, घरात त्या एकट्याच. ओटीवरच्या खोलीत बसलो. खाट काढलेली होती. थर्मामीटर खुंटीला तसाच. समुद्रावर चार-दोन मचवे होते. बोलता बोलता ऊन उतरलं आणि काकू सवयीनं मागचं दार लावायला उठल्या.

"काकू, थांबा," मी म्हटलं, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. दोन दारांचा वारा, सातचं घर, चौतीस, वहीतले आकडे, अप्पांची शपथ. काकू मागच्या दाराशी कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. मला त्यांची पाठ दिसत होती.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग मला सांगायचं की रे. ठेवलं असतं उघडं."

"मला वाटलं, लक्ष्मी..."

"अरे, ती हवी कशाला होती मला? ह्यांच्यासाठीच ना?" त्या वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तसा चढता तर मला सोपं गेलं असतं. "उंबऱ्यावर दिवा ठेवला असता आणि तिला म्हटलं असतं, बाई, एवढे दोन महिने जरा सांभाळून घे. बायकांचं बायकांना कळतं. तू विचारलंच नाहीस."

मला रडू आलं ते आवरलंही नाही.

काकूंनी कडी लावली नाही. दार तसंच ठेवून त्या बाहेर आल्या, काचेच्या झडपा उघडल्या, तुळशीपाशी दिवा लावला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. पडदा फुगलेलाच राहिला. दिव्याची ज्योत आडवी होत होती, पण विझली नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो.

"किती आहे बघ," काकू म्हणाल्या.

मी उठून दिव्याच्या उजेडात थर्मामीटर धरला. "साडेतीस."

त्या आत गेल्या आणि फडताळातून वही घेऊन आल्या. पेन वहीतच होतं.

"लिही," म्हणाल्या.

मी लिहिलं. जाताना वही त्यांनी माझ्याच हातात दिली, ती अजून माझ्याकडे आहे. अप्पांच्या वळणदार अक्षरांत तिची पानं भरलेली आहेत. माझ्या अक्षरातल्या दोनच नोंदी आहेत. दोन्ही दिवेलागणीच्या, दोन्ही साडेतीसच्या. वाचणाऱ्याला त्यांत काही फरक दिसायचा नाही.